धुण्याच्या घराचा इतिहास



आपल्या मंडळाला यंदा पंचवीस वर्षे पूर्ण होत आहेत. स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा चिटणीसबाईंचा निरोप आला तेव्हा एखादी पाककृती देऊन मोकळे व्हावे, असा माझा विचार होता. पण त्या म्हणाल्या, "वहिनी, पाककृती अकरा आल्या आहेत. इतिहासाचे मात्र कोणी लिहीत नाही." माझे शिक्षण सातवीपर्यंत. इतिहास म्हटला की मला लढाया, तह आणि सनावळी आठवते. एवढ्या मोठ्या फौजा, एवढे राजवाडे. त्यांचे धुणे कोणीतरी कुठेतरी धूतच असेल ना? पण पुस्तकात त्याबद्दल एक ओळ कधी वाचल्याचे मला आठवत नाही. तेव्हा म्हटले, आपण धुण्याचाच इतिहास लिहू. रोज दोन बालद्या धुणे धुणाऱ्या बाईला तेवढा अधिकार असायला हरकत नसावी.

हा विषय मला आजच सुचण्याला आणखी एक कारण आहे. आपल्या चाळीच्या जागी नवी उंच इमारत होणार, तिचा नकाशा मंडळाच्या खोलीत भिंतीवर लावला आहे. सगळ्यांनी तो पाहिला. हॉल केवढा, लिफ्ट किती, गाडी कुठे लागणार, हे सगळ्यांनी विचारले. मी मात्र चष्मा पुसून पुसून मागच्या धुण्याच्या ओट्याची जागा शोधत राहिले. ती सापडली नाही. त्याविषयी शेवटी लिहीन. आधी गोष्ट ऐका. ती आपल्या देशातली नाही, विलायतेतली आहे. पण ऐकताना ओळखीची वाटेल.

मागल्या वर्षी लेकीच्या बाळंतपणासाठी मी इंग्लंडला गेले होते. जावईबापू लीड्स नावाच्या शहरात नोकरीला आहेत. तिकडे पाऊस केव्हा येईल याचा नेम नाही, त्यामुळे बाळाची लंगोटे वाळवणे हाच माझा मुख्य उद्योग झाला होता. लेकीची गल्ली जुन्या विटांच्या घरांची, घराला घर लागून. तिथे या बाजूच्या घरापासून त्या बाजूच्या घरापर्यंत रस्त्यावर आडव्या दोऱ्या बांधून लोक अजून कपडे वाळत घालतात. ते पाहून मला एकदम घरी आल्यासारखे वाटले. शेजारच्या आजीबाई मला खुणांनी म्हणत, आभाळ आले, काढा! भाषा कळत नव्हती, पण दोरीवरचे कपडे आणि आभाळ यांची भाषा सगळीकडे एकच.

एका रविवारी जावईबापूंनी आम्हाला आगगाडीने सॉल्टेअर नावाचे गाव दाखवायला नेले. ब्रॅडफर्ड शहराजवळ, एअर नदीच्या काठी हे गाव आहे. टायटस सॉल्ट नावाच्या गिरणीमालकाने ते आपल्या कामगारांसाठी नवे वसवले. त्याचे आडनाव आणि नदीचे नाव जोडून गावाचे नाव झाले सॉल्टेअर. तिकडे जमीनदार किंवा कारखानदार आपल्या मालकीच्या जागेवर आपल्या माणसांसाठी एकसारखी छोटी घरे बांधीत. घर मालकाचे, जमीन मालकाची, आणि बहुधा पोटही मालकाच्याच हाती. अशा घरांना तिकडे इस्टेटीतली घरे म्हणतात. ब्रिस्टल शहराजवळ ब्लेझ हॅम्लेट म्हणून अशी 9 घरे आहेत. एका श्रीमंत गृहस्थाने आपल्या म्हाताऱ्या नोकरांसाठी ती 1811 च्या सुमारास बांधून घेतली. ती चित्रासारखी सुंदर आणि मोजकी आहेत. सॉल्टेअर मात्र खेळण्यातले गाव नाही. तिथे आठशेंहून अधिक घरे आहेत आणि 1871 साली तिथली वस्ती 4,000 च्या वर होती.

सॉल्टसाहेबाने अल्पाका नावाच्या, दक्षिण अमेरिकेतल्या उंटाच्या जातीच्या जनावराच्या लोकरीचे कापड काढून अमाप पैसा मिळवला. ब्रॅडफर्ड तेव्हा धुराने आणि घाणीने भरलेले होते. 1849 साली तिथे कॉलऱ्याची मोठी साथ आली आणि त्या सुमारास सॉल्टसाहेब स्वतःच शहराचे महापौर होते. त्यांनी शहरातल्या गिरण्या बंद करून बाहेर मोकळ्या हवेत एकच मोठी गिरणी बांधायचे ठरवले. ती 20 सप्टेंबर 1853 रोजी, त्यांच्या पन्नासाव्या वाढदिवशी सुरू झाली. आपल्याला ते साल ध्यानात ठेवणे सोपे आहे. त्याच वर्षी एप्रिलात बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटली. पुढच्याच वर्षी, 1854 साली, कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापडगिरणी काढण्याचे काम हाती घेतले आणि 1856 साली ती चालू झाली. म्हणजे आपले गिरणगाव आणि सॉल्टसाहेबाचे गिरणगाव साधारण एकाच वयाचे.

लॉकवूड आणि मॉसन या दोघा वास्तुशिल्पकारांनी ते गाव आखले. पिवळसर दगडाच्या भिंती, वर पाटीच्या दगडाची छपरे, सरळ रस्ते, प्रत्येक घरामागे छोटे अंगण आणि त्यामागे गल्ली. रस्त्यांना सॉल्टसाहेबाच्या पत्नीची आणि मुलामुलींची नावे दिलेली. गावात चर्च, शाळा, दवाखाना, म्हाताऱ्यांसाठी घरे, वाचनालय, बाग, सगळे आहे. दारूचे दुकान तेवढे मालकाने होऊ दिले नाही. 2001 साली हे गाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. गिरणी 1986 साली बंद पडली, आता तिच्यात चित्रांचे प्रदर्शन आणि दुकाने आहेत. गिरणी बंद पडल्यावर तिथे दुकाने होणे, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

लेकीने वाचून दाखवले की या गावात कामगारांसाठी एक सार्वजनिक धुण्याचे घर बांधलेले होते. मी म्हटले, चर्च राहू दे, मला आधी ते दाखव. बाबागाडी ढकलीत आम्ही कॅरोलाइन स्ट्रीट या रस्त्याने फिरलो. चर्च उभे आहे, शाळा उभी आहे, म्हाताऱ्यांची घरे उभी आहेत. धुण्याचे घर मात्र नाही. एवढ्या जपलेल्या गावात तेवढीच इमारत कशी गेली? हा प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला. लेकीकडून वाचून घेऊन, आणि इकडे परत आल्यावर ग्रंथालयात बसून, मी त्याचे उत्तर जुळवले ते असे.

आधी विलायतेतले धुणे कसे होते ते पाहू. तिकडे आपल्यासारखे रोजचे धुणे नसे. आठवड्याचे एकदम, आणि तेही बहुधा सोमवारी. रविवारी देवळात जायचे चांगले कपडे अंगावरून उतरले की ते भिजत पडत. सोमवारी पहाटे उठून कोळशाची चूल पेटवायची, तांब्याच्या मोठ्या हंड्यात पाणी तापवायचे, त्यात पांढरे कपडे उकळायचे. लाकडी पिपात लांब दांड्याच्या, खाली पायासारखे खुंट असलेल्या दांडक्याने ते घुसळायचे. मग खळबळायचे, निळीत बुडवायचे, पिळायचे. इथवर सगळे आपल्यासारखेच. पण पुढे ऊन कुठे आहे? बाहेर घातले तर पाऊस, आणि पाऊस नसला तर धुरांड्यांची काजळी. म्हणून ओले कपडे घरातच चुलीपुढे टांगायचे. एकाच खोलीत स्वयंपाक, आजारी माणूस, पाळण्यातले मूल आणि त्यांच्या डोक्यावर ठिबकणारी चादर. साबणावरही सरकारचा कर होता, तो 1853 साली उठला. अशा धुण्यापायी बायांचा सबंध दिवस जाई आणि घर ओले होऊन माणसे आजारी पडत ती वेगळीच.

या त्रासावर पहिला इलाज काढला तो कोणा साहेबाने नव्हे, एका गरीब बाईने. तिचे नाव किटी विल्किन्सन. तिचा जन्म 1786 साली आयर्लंडात झाला. लहानपणी आईबापांबरोबर बोटीने लिव्हरपूलला येताना बोट फुटली आणि बाप व धाकटी बहीण बुडाली. पुढे तिने सूतगिरणीत काम केले. पहिला नवरा खलाशी, तोही समुद्रात गेला. मग तिने टॉम विल्किन्सन या गोदामात काम करणाऱ्या माणसाशी लग्न केले. 1832 साली लिव्हरपुलात कॉलरा आला. किटीच्या गल्लीत पाणी तापवायचा मोठा हंडा काय तो तिच्याच घरी होता. तिने शेजारणींना सांगितले, रोग्यांचे कपडे आणि अंथरुणे माझ्याकडे आणा, इथे धुवा. आठवड्याला एक पेनी घ्यायची, बाकी श्रम तिचे. ब्लीचिंग पावडर घालून ती कपडे उकळी. कॉलरा पाण्यातून कसा पसरतो हे तेव्हा डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते. पण घाणीचे कपडे उकळून काढले पाहिजेत, एवढे या बाईच्या हाताला कळले होते.

तिच्या स्वयंपाकघरातली ही जागा अपुरी पडू लागली तेव्हा काही परोपकारी मंडळी मदतीला आली आणि शेवटी नगरपालिकेने मनावर घेतले. मे 1842 मध्ये लिव्हरपूलच्या फ्रेडरिक स्ट्रीटवर स्नानगृह आणि धुण्याचे घर एकत्र असलेली इमारत उघडली. ब्रिटनमधली अशी ही पहिली. 1846 साली किटी आणि टॉम यांनाच तिची देखरेख दिली. त्याच साली पार्लमेंटने कायदा करून गावोगावच्या पालिकांना करातून अशी घरे बांधायची मुभा दिली. राणीच्या वतीने किटीला चांदीची चहाची भांडी भेट मिळाली. ती 1860 साली वारली. लिव्हरपूलच्या सेंट जॉर्जेस हॉलमध्ये थोर पुरुषांचे संगमरवरी पुतळे आहेत. त्यांत 2012 साली पहिल्यांदा एका बाईचा पुतळा बसला, तो हिचा. धुणेवालीचा पुतळा! वाचताना मला काय वाटले ते मी इथे लिहीत नाही, तुम्हालाही तेच वाटेल.

आता ही घरे बांधीत कशी, ते सांगते, कारण खरी गंमत त्यातच आहे. महालक्ष्मी स्टेशनच्या पुलावरून दिसणारा आपला धोबीघाट 1890 सालचा. तिथे दगडी हौदांच्या रांगा आणि प्रत्येक हौदाला आपटायचा दगड आहे, पण सगळे उघड्यावर. आणि तिथे धुणारे धंद्याने धोबी. विलायतेतले घर गृहिणींसाठी, आणि सगळे छपराखाली. छप्पर उंच, त्याच्या माथ्यावर काचा आणि झडपा. काचांतून उजेड यावा आणि झडपांतून वाफ निघून जावी म्हणून. खाली फरशी, तिला उतार, आणि पाणी वाहून न्यायला पन्हळी. मध्ये लाकडी आडोसे घालून छोटे छोटे खण केलेले. एका खणात एक बाई. तिच्यापुढे दोन टाक्या: एक धुण्याची, एक उकळण्याची. बॉयलरची वाफ नळाने थेट टाकीत सोडलेली, म्हणजे चूल पेटवणे नको, पाणी वाहणे नको.

हे आडोसे कशासाठी, असे तुम्ही विचाराल. मीही थांबून विचार केला. मग मला माझे लग्नानंतरचे पहिले दिवस आठवले. मागच्या ओट्यावर पहिल्यांदा धुणे घेऊन गेले तेव्हा घरातल्या फाटक्या चादरी मी चांगल्या साडीखाली लपवून नेल्या होत्या. गरिबीची लाज अन्नात लपते, धुण्यात लपत नाही. परकराला लावलेली ठिगळे, पोराचे अंथरूण, बाईचे महिन्याचे कपडे, घरात कोण आजारी आहे, हे सगळे बालदीत दिसते. ज्याने तो लाकडी आडोसा घालायचे सुचवले, त्याने बायांना धुताना तरी नीट पाहिले असले पाहिजे.

दुसरी युक्ती वाळवण्याची. एका भिंतीत अरुंद आणि उंच अशी कपाटे, ओळीने. आपण ओट्याखालची ट्रॉली ओढतो तसे त्या कपाटाचे दार ओढले की आतून कपडे टांगायची आडव्या दांड्यांची चौकट रुळावरून सरकत बाहेर येई. कपडे टांगायचे, चौकट आत ढकलायची; आत गरम हवा खेळवलेली. बाहेर मुसळधार पाऊस असला तरी थोड्या वेळात कपडे कोरडे. मग दोन रुळांच्या मधून दाबून सरळ करायचे यंत्र, त्याला तिकडे मँगल म्हणतात. तिथून घड्या घालून घरी. डोक्यावर गाठोडे घेऊन, नाहीतर बाबागाडीत घालून बाया ये-जा करीत. अशी धुणेघरे पुढे दुसऱ्या महायुद्धानंतरही कितीतरी वर्षे भरलेली असत.

आता परत सॉल्टेअरला येऊ. गाव वसत होते, घरे भरत होती, आणि बाया घरासमोर दोऱ्या बांधून कपडे वाळत घालीत होत्या. सॉल्टसाहेबाला ते खटकले. एवढे देखणे दगडी रस्ते आणि त्यांवर फडफडणारे सदरे! शिवाय लहान घरात धुण्याची वाफ कोंडणे प्रकृतीला वाईट, असेही त्यांचे मत होते, आणि ते खोटे नव्हते. म्हणून 1863 साली कॅरोलाइन स्ट्रीटवर त्यांनी 7,000 पौंड खर्च करून स्नानगृह आणि धुण्याचे घर उभारले. आंघोळीच्या 24 जागा, पुरुषांच्या आणि बायकांच्या वेगवेगळ्या, शिवाय वाफेच्या स्नानाची तुर्की पद्धतीची खोली. धुण्याच्या भागात वाफेच्या इंजिनांवर चालणारी 6 धुण्याची यंत्रे. पिळण्यासाठी गरगर फिरणारे यंत्र. आपल्या मशीनमधला ड्रायर ज्या तत्त्वावर फिरतो, तेच. वाळवायला गरम हवेची कपाटे, मग मँगल. मळके कपडे घेऊन आलेली बाई तासाभरात ते धुऊन, वाळवून, घड्या घालून घरी नेऊ शकेल, अशी सगळी सोय. साल पाहा, 1863. आपल्या चाळीत पहिले मशीन आले ते मी लग्न होऊन आल्यावर.

आणि एवढे सगळे असून ते घर चालले नाही. लोकांनी आंघोळ आपल्या घरीच, शेकोटीपुढे पत्र्याचे टब ठेवून करणे पसंत केले, आणि बाया धुणे घरीच धूत राहिल्या. 1894 साली त्या इमारतीची राहण्याची घरे केली आणि 1936 साली ती पाडून टाकली. म्हणून ती मला दिसली नाही. लिव्हरपूलचे धुणेघर गर्दीने भरले आणि त्याची नक्कल देशभर झाली; सॉल्टेअरचे, यंत्रे अधिक चांगली असून, ओस पडले.

असे का झाले असावे? त्या बायांनी आपले म्हणणे लिहून ठेवलेले मला कुठे वाचायला मिळाले नाही. तेव्हा हे माझे मत समजा. लिव्हरपुलात आधी बाया आल्या, मग हंडा अपुरा पडला, आणि मग इमारत झाली. सॉल्टेअरात आधी मालकाला दोरी खटकली आणि मग इमारत झाली. एकीकडे बाईची अडचण पाहून घर बांधले, दुसरीकडे बाईचे धुणे दिसू नये म्हणून. सॉल्टसाहेब वाईट माणूस नव्हता. त्याने दिले तेवढे आमच्या गिरणीमालकांनी कामगारांना दिले असते तर माझ्या सासूबाईंचे आयुष्य वेगळे झाले असते. पण गिरणी त्याची, घर त्याचे, शाळा त्याची, आणि आता आपले फाटके परकरही त्याच्याच यंत्रात नेऊन टाकायचे, हे कोणत्या बाईला आवडेल? शिवाय त्यातल्या कितीतरी बायका आणि मुली दिवसभर त्याच्याच गिरणीत यंत्रांपुढे उभ्या असत. संध्याकाळी घरी येऊन पुन्हा इंजिनाच्या आवाजात जाण्यापेक्षा, पोरांवर एक डोळा ठेवून आपल्याच घरी धुतलेले बरे, असे त्यांना वाटले असेल. घरच्या चुलीवर धुणे उकळताना शेजारी बटाटेही उकळता येतात. नकाशा काढणाऱ्याला एका वेळी एकच काम दिसते; बाईची एका वेळी तीन चालू असतात.

आता आपल्या मागच्या ओट्याकडे वळते. आठ नळ, चार दगड आणि वर गंजलेले पत्रे. त्याला वास्तुशिल्प म्हणायचे धाडस कोणी करणार नाही. पण जरा नीट बघा. दगडांची तोंडे समोरासमोर आहेत, त्यामुळे धुताना बोलता येते. ओट्याला जिन्याकडे उतार नाही, त्यामुळे पाणी पायरीवर येत नाही. कडेची उंच पायरी पोरांना बसायला आहे. सासूबाई सांगत, 1982 च्या संपात घराघरात चूल थंड होती तेव्हा कोणाकडे पीठ संपले, हे या ओट्यावर न बोलता कळे. बाई खळ घालायची थांबली की बाकीच्या समजत, आणि दुपारी तिच्या दाराशी ताटाखाली झाकलेले काहीतरी येई. आपले मंडळही इथेच जन्मले. पहिली भिशी इथेच ओल्या हातांनी ठरली, हे आपल्यातल्या ज्येष्ठ भगिनींना आठवत असेल. मी काही त्या ओट्याचे गोडवे गात नाही. पावसाळ्यात तिथे घसरून किती जणींनी हात मोडून घेतले, नळावर किती भांडणे झाली, हेही मला ठाऊक आहे. नव्या घरात स्वतःचे मशीन आणि स्वतःचा नळ मिळणार, याचा मला आनंदच आहे.

पण नकाशात एक जागा आहे, ड्राय बाल्कनी म्हणून लिहिलेली. मी टेपने जमिनीवर आखून पाहिली. चार फूट बाय तीन फूट. मशीन ठेवले की उरते ती उभी राहायची जागा. सासूबाईंचे नऊवारी लुगडे सव्वाआठ मीटरचे. चौघडी करून टांगले तरी ते तिथे मावत नाही. नियमांच्या कागदात, खिडकीबाहेर कपडे वाळत घालू नयेत, इमारतीची शोभा जाते, असेही छापले आहे. ते वाचले आणि मला सॉल्टसाहेब डोळ्यांपुढे उभे राहिले. दीडशे वर्षांहून अधिक काळ लोटला, समुद्र ओलांडला, तरी दोरीवरचे कपडे कोणाच्या तरी डोळ्यांत खुपतातच. कपडे घातलेली माणसे मात्र सगळ्यांना स्वच्छ हवीत.

म्हणून माझी भगिनींना एक विनंती आहे. नकाशावर शेवटची सही होण्यापूर्वी जी सभा होईल तिला आपण पुरुष मंडळींना एकटे पाठवू नये, स्वतः जावे. भांडायला नाही, विचारायला. ओला कपडा मशीनमधून निघाल्यावर कुठे जाणार? पावसाळ्यात, घरात तान्हे मूल असताना, म्हातारे माणूस अंथरुणात असताना, कुठे जाणार? गच्चीवर एक कोपरा, वर पत्रा, बाजूंनी वारा खेळेल अशी जाळी, आणि प्रत्येक घराला एक दांडी, एवढे मिळाले तरी पुष्कळ. आणि त्यात एक बाक घाला म्हणावे. कपडे वाळेपर्यंत दोन बाया बसल्या तर इमारतीची शोभा काही कमी होत नाही.

सॉल्टेअरच्या बायांना कोणी विचारले नाही, आणि त्यांनी न वापरून उत्तर दिले. आपल्याकडे नकाशा अजून कागदावर आहे. उत्तर आपण आधीच देऊ शकतो.

माझे लिखाण साधे आहे, चूकभूल द्यावी घ्यावी. आणि सभेच्या दिवशी धुणे लवकर आटपून या.

— मंडळाची एक सभासद